कारवान कुत्री आणि पिंजऱ्यातले गिनी पिग: एका घरात ठेवायचे तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दीड वर्षाची कारवान मादी आहे, सोनी. लेकीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने दोन गिनी पिग आणून दिले, दोन्ही माद्या म्हणून. टू बीएचके फ्लॅट, पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या बुटक्या टेबलावर. सोनी भुंकत नाही, गुरगुरत नाही, नुसती पिंजऱ्यासमोर तासन्तास शांत बसून बघत राहते. तुम्हाला वाटतंय की तिला ते आवडलेत. वास देऊन हळूहळू मैत्री कशी करून द्यायची आणि किती दिवसांनी एकत्र सोडायचं, हे तुम्ही विचारलंय.

एकत्र सोडायचं नाही. पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षी नाही, सोनी म्हातारी झाली तरी नाही. एका घरात मात्र ते राहू शकतील, आणि ते कसं हे मी सविस्तर लिहिते. पण आधी एक काम करा. पिंजरा आज रात्रीच हॉलमधून उचलून दार बंद होणाऱ्या खोलीत न्या. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

गेली वीसेक वर्षं मी सांगली-कोल्हापूर भागात कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्या माणसांना शिकवते. कारवान आणि पश्मी माझ्याकडे नेहमीच येतात, कारण ही आपल्याच भागातली कुत्री. ‘शांत बसून बघते’ हे वाक्य ऐकलं की मला भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा जास्त काळजी वाटते. भुंकणारं कुत्रं बहुतेक वेळा गोंधळलेलं असतं, घाबरलेलं असतं किंवा खेळायला बोलावत असतं. शिकार करणारं जनावर आवाज करत नाही. मांजर कबुतरावर टपून बसतं तेव्हा म्याव करतं का?

उद्या सोनीला लीश लावून दाराबाहेर बसवा, दार वीतभर उघडा आणि दोन मिनिटं तिच्याकडे बाजूने नीट बघा. तोंड मिटलेलं आहे का? एरवी लोंबणारे तिचे कान मुळाशी उचलून पुढे आलेत का? मान लांब, अंग ताठ, शेपूट स्थिर, आणि मांडीचे स्नायू आत थरथरतायत का? हळूच तिच्या पाठीवर हात ठेवा, नाव घ्या. नाव घेतल्यावर साधा कानही वळला नाही, समोर धरलेला चिकनचा तुकडा तिने हुंगलाही नाही, तर ती प्रेमाने बघत नाहीये. ती दबा धरून आहे. याउलट तोंड सैल, डोळे मिचकावणं, मध्येच जांभई देऊन तुमच्याकडे बघणं, उठून पाणी पिऊन येणं, असं असेल तर आपल्या हातात बरंच काही आहे.

सोनीवर रागावण्यासारखं यात काहीही नाही. शिकार ही साखळी असते: सावज हेरणं, नजर खिळवणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. कुत्र्याच्या प्रत्येक जातीत माणसाने यातल्या काही कड्या जोपासल्या आणि काही बोथट केल्या. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीत नजर आणि पाठलाग ठेवला, चावा दाबून टाकला. लॅब्रेडॉरला पडलेला पक्षी तोंडात धरून आणायला शिकवलं, तोही दात न रुतवता. टेरियर उंदीर-घुशी मारण्यासाठी घडवला, म्हणून तो पकडलं की झटकतो. कारवान, पश्मी, शेजारच्या मुधोळचं कुत्रं, ही सगळी माळरानावर ससा नजरेने टिपून वेगाने गाठायची कुत्री. त्यांच्यात पाठलाग आणि पकड या दोन्ही कड्या पक्क्या आहेत. आज सशाची शिकार कायद्याने गुन्हा आहे आणि ती बंद झाली हे फार चांगलं झालं, पण कायद्याने कुत्र्याचं रक्त बदलत नाही. गिनी पिग म्हणजे तिच्या दृष्टीने आखूड कानांचा ससाच.

यात राग नसतो, म्हणून इशाराही नसतो. माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला चावण्याआधी कुत्रं सहसा गुरगुरतं, ओठ वर करतं, अंग चोरतं. सावजाला कोणी इशारा देत नाही. त्यामुळे ‘काही झालं तर आम्ही शेजारीच बसलोय, लगेच धरू’ हा विचार सोडून द्या. दीड वर्षाच्या कारवानपुढे आपला हात पोचत नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

माझ्या लग्नानंतरची गोष्ट आहे. घरी राणी नावाची पश्मी होती, आणि धाकट्या दिरांनी पाळलेला एक पांढरा ससा, कापशा. दोन वर्षं दोघं एका अंगणात होते, कापशा जाळीच्या खुराड्यात, राणी बाहेर. ती खुराड्याला टेकून झोपायची. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो. एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली, खुराड्यावरच्या पत्र्यावर मांजराने धप्पकन उडी मारली, आणि कापशा बिथरून दाराला धडकला. खुराड्याच्या दाराला एक तारेचा आकडा होता, इतकाच. तो निसटला. कापशा अंगणातून तुळशीकडे पळाला. मी वृंदावनापाशीच उभी होते, हातात कंदील होता. मी ‘राणी’ एवढं म्हणेपर्यंत ती परत माझ्याकडे येत होती, तोंडात कापशा. तिने तो माझ्या पायाशी ठेवला आणि शेपूट हलवली.

राणीला बसलेला कापशा ठाऊक होता. पळणारा कापशा तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तिच्या डोळ्यांना ते दोन वेगळे प्राणी होते. कुत्र्याला रंग आपल्याइतके दिसत नाहीत, निळा आणि पिवळा एवढेच नीट उमगतात, पण हालचाल फार पटकन टिपता येते. लांब तोंडाच्या या कुत्र्यांचे डोळे थोडे बाजूला असल्याने नजरेचा आवाकाही मोठा. सवय झालेला, ओळखीचा, दोन वर्षांचा शेजारी, हे सगळं त्या एका पळण्याने पुसलं जातं. म्हणून ‘आता त्याला सवय झाली’ असं कोणी सांगितलं की मी विचारते, पळताना बघितलंय का?

आता त्या दोन गिनी पिगची बाजू. ती सहसा कोणी विचारत नाही, आणि मला ती सोनीच्या बाजूइतकीच महत्त्वाची वाटते. गिनी पिग घाबरला की दोनच गोष्टी करतो, गोठून बसतो किंवा सुसाट पळतो. पिंजऱ्यात पळायला जागा नाही, म्हणून तो गोठतो. आपल्याला वाटतं किती गरीब जीव, हलतसुद्धा नाही. खरं तर सहा-सात तास वाघासमोर बसवलंय त्याला. दात वाजवणं, दिवसभर खोक्यातून बाहेर न येणं, माणसं झोपल्यावरच खाणं, ही भीतीची लक्षणं. ती दिसेपर्यंत थांबू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर वाडगा ठेवा, आणि दर रविवारी दोघांचं वजन वहीत लिहा. मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण 700 ते 1200 ग्रॅम असतं. आठवड्यात पन्नासेक ग्रॅम उतरले तर कारण शोधायचं, त्याहून जास्त उतरले तर थेट डॉक्टर. खाणं पूर्ण थांबलं तर रविवारची वाट बघायची नाही. सशासारखंच गिनी पिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तरी जिवावर बेतू शकतं.

वजन करतानाच दोघी खरंच माद्या आहेत का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. दुकानात नर-मादीची गल्लत सर्रास होते, आणि गिनी पिगची मादी महिन्या-दीड महिन्याची असतानाच गाभण राहू शकते. पिंजऱ्यात पिल्लं आली की हालचाल वाढते, चिवचिवाट वाढतो, आणि दाराबाहेरच्या सोनीचं काम अवघड होतं.

व्यवस्थेचा माझा नियम एकच आहे आणि त्यात मी सूट देत नाही: कुत्रं आणि छोटं जनावर यांच्यात कायम दोन अडथळे हवेत. एक पिंजरा, दुसरं बंद दार; शिकवताना दार उघडावं लागलं तर त्याच्या जागी तुमच्या हातातली लीश. एक चुकला तर दुसरा असतो. कापशाच्या वेळी आमच्याकडे एकच होता.

पिंजरा म्हणजे दुकानातून पक्ष्यांचा तारेचा पिंजरा देतात तो नव्हे. त्याच्या तारा बोटाने वाकतात, तळाची जाळी गिनी पिगच्या तळव्यांना जखमा करते, आणि पंजाने एक ढकल दिली की तो टेबलावरून खाली. दोघांना निदान चार फूट बाय दोन फूट सपाट जमीन हवी. घट्ट जाळी, वर झाकण, झाकणाला क्लिप आणि क्लिपमध्ये गिर्यारोहकांकडे असतो तसा लहान लोखंडी हुक. आत पुठ्ठ्याचं एक खोकं, दोन्ही बाजूंनी दार असलेलं, म्हणजे एकजण आत अडकत नाही. तिन्ही बाजूंना जुनी चादर लावा, फक्त भिंतीकडची बाजू हवेसाठी मोकळी. कुत्री दारातून दिसली तरी त्यांना दिसू नये, त्यांची धावपळ तिला दिसू नये.

खोलीचं दार. कारवानची उंची लक्षात घ्या, मागच्या पायांवर उभी राहिली की तिचा पंजा आडव्या हँडलवर सहज पडतो. एकदा दार उघडलं की ती ते विसरणार नाही. वरच्या चौकटीला साधी आडवी कडी बसवून घ्या, सुतार अर्ध्या तासात लावून देईल. जाळीचं दार अडथळा म्हणून धरू नका, ती मच्छरांसाठी असते. बाल्कनीही नको. तिशीच्या वर पारा गेला की गिनी पिगला त्रास सुरू होतो, उन्हाळ्यात दुपारी बंद बाल्कनीत ते उष्माघाताने जातात. खिडकी असलेली, पंखा असलेली आतली खोली, आणि पिंजऱ्याशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली.

घरात दार कोण उघडतं याची यादी करा. तुम्ही, तुमचे यजमान, लेक. आणि साडेअकराला येणाऱ्या मावशी. माझ्या माहितीतले निम्मे अपघात फरशी पुसताना झालेत. बादली आत न्यायची म्हणून दार टेकवलेलं असतं, हात ओले असतात, लक्ष फरशीवर असतं. मावशींना दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्या आल्या की सोनी दुसऱ्या खोलीत, कडी लावून, हा रोजचा शिरस्ता करा. गणपतीत, दिवाळीत पाहुण्यांची मुलं ‘गिनी पिग बघू दे’ म्हणत दार उघडतात, तेव्हा खोलीला चक्क कुलूप.

लेकीसाठी एक गोष्ट वेगळी, आणि ही मी तिच्यासमोर वाचायला सांगेन. गिनी पिगला हातात किंवा फ्रॉकच्या ओच्यात घेऊन घरात फिरायचं नाही. सोनीने उडी मारली तर ती गिनी पिगसाठी असेल, पण दात हाताला लागतील, आणि पोर पडेल ते वेगळंच. मांडीवर घ्यायचे ते त्याच खोलीत, खाली जमिनीवर बसून, दाराला आतून कडी लावून. नंतर साबणाने हात धुवायचे, मगच सोनीजवळ जायचं.

आता शिकवण. ‘ती शिकेल का’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. शिकारीची ओढ काढून टाकायला ती शिकणार नाही. बंद दारामागे काय आहे हे माहीत असूनही सुखाने झोपायला ती शिकू शकते, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

सुरुवात गिनी पिगशिवाय. सोनीची एक गोधडी ठरवा. गोधडीवर गेली की तुकडा, बसली की तुकडा, मान टाकून पसरली की तीन-चार तुकडे सावकाश, पंज्यांमध्ये ठेवून. उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. आठवडाभरात गोधडी दिसली की ती आपणहून पसरेल. मग गोधडी हॉलच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, जिथून त्या खोलीचं बंद दार दिसतं. तिने दाराकडे बघितलं की लगेच ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा तुमच्या गुडघ्यापाशी द्या, म्हणजे खायला तिला मान वळवावी लागेल. सुरुवातीला बघितल्याबद्दलच बक्षीस आहे, हे लोकांना विचित्र वाटतं. पण दहा-पंधरा वेळा झालं की ती दाराकडे बघते आणि आपणहून तुमच्याकडे वळते, ‘बघितलं, आता दे’ म्हणून. तो वळलेला क्षण म्हणजे या सगळ्या शिकवणीचा गाभा. तिथून पुढे बक्षीस वळल्याबद्दल.

मग एकेक पायरी. दार बंद पण आतून आवाज. गिनी पिग फ्रीजचं दार वाजलं किंवा कोथिंबिरीची पिशवी कुरकुरली की शीळ घालतात, तुम्ही ऐकली असेलच. ती शीळ सोनीला आपल्यापेक्षा कितीतरी बारकाईने ऐकू येते. आपले कान साधारण 20,000 हर्ट्झला थांबतात, कुत्र्याचे 45,000 च्या आसपास जातात. तेव्हा शीळ आली की गोधडीवर तुकडे, शीळ थांबली की तुकडे बंद. त्यानंतर दार उघडं पण पिंजरा चादरीने पूर्ण झाकलेला, सोनी लीशवर, लीश तुमच्या हातात. शेवटची पायरी, पिंजरा बंदच पण एका बाजूची चादर काढलेली आणि आत ते फिरतायत, अंतर खोलीइतकं. बऱ्याच घरांत मी ही शेवटची पायरी करतच नाही, गरज नसते.

पुढची पायरी कधी? ती तुकडा हळूच घेते, बोटं न चावता, आणि दोन-तीन सेकंदांत आपणहून वळते, असं सलग तीन दिवस झालं की. तुकडा झडपून घेतला, तोंडातून पाडला किंवा घेतलाच नाही, तर तुम्ही फार जवळ आलात. काही न बोलता मागे जा. लीश ताणून उभं राहायचं नाही, ताणलेली लीश तिला पुढे ढकलते. आणि साधा गळपट्टा या कुत्र्यांना चालत नाही. यांची मान डोक्यापेक्षा जाड, मागे सरकली की पट्टा कानांवरून निघून हातात येतो. रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या, म्हणजे ओढ बसली की ठरावीकच आवळणारा आणि डोक्यावरून न निसटणारा.

ही शेवटची पायरी करायचीच असेल तर आधी तोंडाला मुसकं घालायची सवय लावा. बैलाच्या मुसक्यासारखंच, पण कुत्र्यासाठी जाळीचं, ज्यात तिला जीभ बाहेर काढून धापता येईल आणि पाणी पिता येईल. तोंड आवळणारं कापडी नको. मुसक्याच्या आत पनीर लावून तिला स्वतः तोंड घालू द्या, आठ-दहा दिवस फक्त खाण्यापुरतं, मग पट्टा बांधायचा. मुसकं घातलं म्हणून दोन अडथळ्यांतला एक कमी करायचा नाही. मुसक्यानेही ती जोराने ढुशी मारून जीव घेऊ शकते, इतकी ती जनावरं नाजूक आहेत.

ओरडणं, वर्तमानपत्राची सुरळी, करंटचा पट्टा, यातलं काहीही नको. गिनी पिगकडे बघितलं की मार, हे तिला कळतं ते ‘तुम्ही असताना बघायचं नाही’ असं. तुम्ही नसताना काय? शिवाय त्या छोट्या जनावरांमुळे आपल्याला दुखतं, अशी गाठही तिच्या मनात बसू शकते. मग आजवर नसलेला रागही त्यात येतो.

लोक मला दोन गोष्टी हमखास सांगतात, त्यावर लिहिते. पहिली, पोटभर खायला घाला म्हणजे शिकार करणार नाही. भूक आणि पाठलाग यांच्या तारा वेगळ्या आहेत. राणी नुकतीच भाकरी-दूध खाऊन उठली होती. दुसरी, मटण-चिकन देऊ नका, रक्ताची चटक लागेल. चटक वगैरे लागत नाही. शाकाहारी घरात दूधभातावर वाढलेल्या कारवानने शेजारची कोंबडी धरलेली मी पाहिली आहे. तिला मांस द्यायचं की नाही हे तुमच्या घराप्रमाणे ठरवा, त्याचा याच्याशी संबंध जोडू नका.

तिच्या पळण्याचा मात्र संबंध आहे. फ्लॅटमध्ये अडकलेल्या कारवानला रोज जीव तोडून पळायला मिळालं नाही तर ती पळणाऱ्या गोष्टी शोधणारच. वेताच्या लांब काठीला चार फूट दोरी, दोरीच्या टोकाला जुनं फडकं. चारी बाजूंनी बंद मैदानात किंवा लांब दोरी लावून, सकाळी ऊन चढायच्या आत. फडकं जमिनीवरून सशासारखं वळत न्या. पण प्रत्येक डावाआधी ‘बस’, मग ‘हां’ म्हटल्यावर सुटायचं, आणि फडकं पकडलं की ‘सोड’ म्हणून तुकड्याशी अदलाबदल. दहा मिनिटं पुष्कळ झाली, ही थोडा वेळ जोरात पळून बराच वेळ झोपणारी कुत्री आहेत. ओढीला वाट मिळते आणि त्याच ओढीत तुमचा शब्द ऐकायची सवयही लागते. हा खेळ घरात खेळू नका.

एवढं करून चूक झालीच तर काय करायचं, तेही आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सोनीच्या तोंडात गिनी पिग असेल तर ओढाताण करायची नाही, ओढल्याने जखम फाटते. किंचाळायचं नाही. पट्टा धरून तिला आहे तिथेच स्थिर करा, दुसऱ्याने टॉवेल घेऊन उभं राहायचं, तोंड सैल झालं त्या क्षणी टॉवेलमध्ये जनावर उचलून दाराबाहेर. अंधारं, उबदार खोकं, आणि लगेच डॉक्टर. वरून दाताची दोन बारीक छिद्रं दिसतील किंवा काहीच दिसणार नाही, आत मात्र स्नायू आणि हाडं चेपलेली असतात, लाळेतले जंतू आत गेलेले असतात. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका, कितीही वाटलं तरी. माणसाला आणि कुत्र्याला चालणारं ते औषध गिनी पिगच्या आणि सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्याने ते जनावर दगावतं. गिनी पिग बघणारा डॉक्टर कुठे आहे, रविवारी बसतो का, हे आज फोन करून विचारून ठेवा. आणि नंतर सोनीला मारू नका. तिला त्या मारातून काहीही कळणार नाही.

गिनी पिगऐवजी ससे किंवा पक्षी असते तर व्यवस्था हीच, फरक थोडा. सशाच्या मागच्या पायात ताकद भरपूर आणि हाडं हलकी, घाबरून जोरात लाथ झाडली की त्याचा स्वतःचाच मणका मोडतो, कुत्र्याचा दातही लागावा लागत नाही. आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुतेकदा बजरीगर असतात, त्यांचा टांगलेला झुलता पिंजरा म्हणजे कुत्र्याला आमंत्रण, तो भिंतीला घट्ट हवा. आणि ऊसतोडीत सापडलेलं रानसशाचं पिल्लू किंवा देशी पोपट घरी ठेवायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, कोणी दिला तरी घेऊ नका, वनविभागाला कळवा.

शेवटचा भाग लिहायला जड जातो, पण लिहिते. चार ते सहा आठवडे हे सगळं मनापासून करा. त्यानंतरही सोनी दाराच्या फटीला नाक लावून रात्ररात्र बसत असेल, जेवण सोडत असेल, कण्हत असेल, फिरायला नेलं तरी ओढून घरी परतायला बघत असेल, तर तिला त्या घरात विश्रांती नाही. तसंच गिनी पिगची वजनं उतरत राहिली तर त्यांनाही नाही. मग त्या दोघींना दुसरं घर शोधा, कुत्रं-मांजर नसलेलं, त्यांना एकमेकींपासून न तोडता. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला हे नीट सांगितलं तर कळतं. मी अशी तीन घरं पाहिली आहेत आणि तिन्ही मुलं आपापल्या गिनी पिगला भेटायला जात राहिली.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं तिथवर वेळ येणार नाही, कारण सोनी अजून हाक मारल्यावर जेवायला उठते असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या आठवड्यानंतर मला तीन गोष्टी कळवा: दोघींची वजनं, सोनी रात्री कुठे झोपली, आणि दाराकडे बघून तुमच्याकडे पहिल्यांदा वळली तो दिवस कितवा होता.